पटावरची नावे आणि वर्गातली हजेरी

महाराष्ट्राची अर्थव्यवस्था २०२८ पर्यंत एक ट्रिलियन डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट राज्य सरकारने ठेवले. त्यासाठी एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखाली आर्थिक सल्लागार परिषदही नेमली. अशा चर्चेत रस्ते, बंदरे, गुंतवणूक यांच्या जोडीने कुशल मनुष्यबळाचा विषय निघतोच. मुंबई-पुण्यातून पाहिले तर तो उद्योगांना हवे तसे पदवीधर मिळतात की नाही, एवढ्यापुरता वाटतो. वर्धा जिल्ह्यातून पाहिले की त्याच्या आधीचे प्रश्न समोर येतात. बारावी झालेली मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला जाते, तेव्हा तो अभ्यास झेपेल इतकी तयारी शाळेने करून घेतलेली असते का? नाव पटावर चढल्यावर ती वर्षातले किती दिवस वर्गात असते? आणि तीन-चार वर्षे घालवून पदवी हाती आली की तिचा उपयोग जिल्ह्यात होतो, की नागपूर-पुण्याची गाडी पकडावी लागते? या तिन्ही प्रश्नांवर आजवर काय म्हटले गेले आणि वाद कुठे अडला आहे, ते येथे पाहायचे आहे.

१९३७ची परिषद आणि त्यानंतर

शिक्षण आणि अर्थकारण यांचे नाते काय असावे, हा वाद वर्ध्याला नवा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्षस्थानी होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि त्याच्या केंद्रस्थानी एखादा उत्पादक हस्तव्यवसाय, असे ठराव झाले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रमाचा आराखडा केला आणि पुढे सेवाग्रामात आर्यनायकम दांपत्याने हिंदुस्थानी तालीमी संघाचे काम उभे केले. या शिक्षणाचे ‘नई तालीम’ हे नाव काढले की लोकांना टकळी आणि प्राथमिक शाळा आठवते. पण त्याच वर्षी गांधीजींनी उच्च शिक्षणाविषयीही ठाम मत मांडले होते. महाविद्यालयीन शिक्षण राष्ट्राच्या गरजांशी जोडावे आणि ज्या उद्योगांना, व्यापाऱ्यांना पदवीधर हवे आहेत त्यांनीच त्यांच्या शिक्षणाचा भार उचलावा, असे ते मत होते. तीनच वर्षांनी, १९४० साली, सेक्सरिया यांच्या देणगीतून शिक्षा मंडळाचे गोविंदराम सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालय वर्ध्यात सुरू झाले. व्यापाऱ्याच्या पैशातून वाणिज्य शिक्षण, हा त्या विचाराला जवळचा प्रयोग म्हणता येईल.

याच काळात दुसरा विचारही जोर धरत होता. मागे ठेवल्या गेलेल्या समाजाला हातातले कौशल्य द्यायची गरज नव्हती, ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे होतेच. त्याला हवे होते उच्च शिक्षण आणि त्यातून येणारी अधिकाराची जागा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली, १९४६ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५०ला औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले ते याच भूमिकेतून. शेजारच्या अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृह आणि श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. वऱ्हाड आणि वर्ध्याच्या खेड्यांतून पदवीपर्यंत पोहोचलेल्या पहिल्या पिढीवर या दोघांचे फार मोठे ऋण आहे. कामाला जोडलेले शिक्षण आणि समान उच्च शिक्षण, या दोन भूमिका आजच्या धोरणातही शेजारी शेजारी नांदतात. कधी त्या एकमेकींना पूरक ठरतात, कधी सरळ आडव्या जातात.

स्वातंत्र्यानंतर जिल्ह्यात संस्था वाढत गेल्या. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९चे, महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७चे. सावंगी मेघेचा वैद्यकीय संस्थांचा परिसर, सेवाग्रामचे अभियांत्रिकी महाविद्यालय, अलीकडची बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, हे सगळे वर्धा शहरापासून हाकेच्या अंतरावर आहे. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख होती, त्यातले दोन तृतीयांश लोक खेड्यांत राहणारे. साक्षरता सुमारे ८७ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा थोडी अधिकच. जिल्हा शिक्षणात मागास आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. मात्र आष्टी, कारंजा, समुद्रपूर या तालुक्यांतल्या मुलांना या संस्था नकाशावर दिसतात तितक्या जवळ नाहीत.

आकडे कुठपर्यंत नेतात

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये १८ ते २३ वयोगटाचे स्थूल नोंदणी प्रमाण देशात २८.४ आणि महाराष्ट्रात ३५.३ होते. तमिळनाडूत ते ४७ होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने २०३५ पर्यंत ५० टक्के गाठायचे ठरवले आहे. बहुतेक चर्चा या एका आकड्याभोवती फिरते. तो महत्त्वाचा आहेच, पण तो नोंदणीचा आकडा आहे. प्रवेश घेतलेले किती, हे त्यातून कळते. वर्गात बसलेले किती, हे कळत नाही. परीक्षेचा फॉर्म भरण्यापुरता महाविद्यालयात आलेला विद्यार्थी आणि रोज पहिल्या तासिकेला हजर असणारा विद्यार्थी, दोघेही त्यात सारखेच मोजले जातात. राज्याच्या अर्थव्यवस्थेला फायदा होतो तो शिकलेल्या वर्षांचा. म्हणून नोंदणीच्या वाढीवर समाधान मानण्याची घाई करू नये, असे मला वाटते.

तयारी कुठे कमी पडते

पहिली भूमिका शाळेकडे बोट दाखवते. ‘असर’च्या २०२३च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींपैकी जवळजवळ ८७ टक्के कुठे ना कुठे शिकत असल्याचे आढळले. पण त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्शाला आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा सहज वाचता येत नव्हता आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून अधिक जणांना जमत नव्हते. अकरावी व त्यापुढे शिकणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुले कला शाखेत होती. ही पाहणी देशभरातल्या २८ जिल्ह्यांतली आहे, त्यामुळे ती जशीच्या तशी वर्ध्याला लावू नये. पण पदवीच्या पहिल्या वर्षाला टक्केवारी आणि गुणोत्तर नव्याने शिकवावे लागते, हे वाणिज्य शाखेचे प्राध्यापक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. या भूमिकेच्या मते आठवीपर्यंत नापास न करण्याचे धोरण, दहावीनंतरची एटीकेटी आणि परीक्षेतली कॉपी यांमुळे कच्चेपणा वरच्या वर्गात ढकलला जातो. २०२३ साली राज्याने पाचवी आणि आठवीला परीक्षा पुन्हा आणली, ती या विचाराला धरूनच.

दुसरी बाजू म्हणते, नापास केल्याने मूल शिकत नाही, ते शाळा सोडते. खरी अडचण मधल्या टप्प्यात आहे. मराठी माध्यमातून दहावी केलेला मुलगा अकरावी विज्ञानला जातो आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र एकदम इंग्रजीतून सुरू होते. दहावीला ‘जडत्व’ नीट समजलेला मुलगा ‘इनर्शिया’ ऐकून गप्प होतो. आपल्याला विषयच येत नाही, अशी त्याची समजूत होते आणि दिवाळीनंतर तो कला शाखेकडे वळण्याची चौकशी करू लागतो. सेमी-इंग्रजीने काही शाळांत ही अडचण हलकी केली. दुसऱ्या टोकाला पदवीचेच शिक्षण मराठीतून देण्याचा मार्ग आहे. २०२१पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला मुभा दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात मराठीतून वर्ग सुरूही झाला. मराठीतून घेतलेल्या पदवीला नोकरीच्या बाजारात किती मोल मिळेल, याची पालकांना वाटणारी धास्ती मात्र अजून गेलेली नाही. माझ्या मते या दोन भूमिकांत दुसरीकडे कमी लक्ष गेले आहे. पाया सुधारायला दहा वर्षे लागतील. अकरावीच्या पहिल्या तीन महिन्यांत भाषा आणि गणिताचा जोडवर्ग घेणे याच वर्षी शक्य आहे.

गाडी, पऱ्हाटी आणि पैसा

तिसरी भूमिका तयारीच्या आधी पोहोचण्याचा प्रश्न विचारते. आतल्या एखाद्या गावातल्या, बी.ए.ला असलेल्या मुलीचा दिवस पाहा. सकाळची गाडी सातला. ती आली तर पावणेनऊच्या तासिकेला पोहोचता येते, नाही आली तर फाट्यापर्यंत पायी जाऊन ऑटोची वाट पाहायची. परतीची गाडी दीडची, ती चुकली की थेट पाचची. म्हणून शेवटची तासिका ती कधीच पूर्ण बसत नाही. प्राध्यापकांनाही हे ठाऊक असते. प्रात्यक्षिक दुपारी ठेवले की बाहेरगावच्या मुली विज्ञान शाखा का टाळतात, याचे एक साधे उत्तर या वेळापत्रकात आहे. पुलगाव–आर्वी ही ‘शकुंतला’ची अरुंदमापी गाडी बंद पडून कैक वर्षे झाली, त्या भागाला एसटीवाचून दुसरा आधार उरला नाही. २०२१-२२ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांचा संप काही महिने चालला, तेव्हा कोरोनानंतर नुकतीच उघडलेली महाविद्यालये खेड्यांतल्या मुलांसाठी पुन्हा बंद झाल्यासारखीच होती.

सरकारने या बाबतीत काही केले नाही असे म्हणता येणार नाही. अहिल्यादेवी होळकर योजनेतून मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी बस आणि सायकली मिळाल्या. पण मोफत पास बारावीला थांबतो. पदवीच्या मुलीला सवलतीचा असला तरी पास विकत घ्यावा लागतो, आणि पास हातात असून गाडीच वेळेवर नसेल तर त्याचा उपयोग मर्यादित.

मग शेतीचे वेळापत्रक. वर्धा हा कापूस, सोयाबीन, तुरीचा जिल्हा आहे, कारंजा-आष्टीकडे संत्रा. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सवंगणी येते, सीतादहीची पूजा झाली की कापसाचा पहिला वेचा सुरू होतो आणि पुढे दोन-अडीच महिने पऱ्हाटीत हात लागतात. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर वेचाईचा दर परवडत नाही. घरातली मुले, त्यातही मुली, शेतात जातात. नेमक्या याच दिवसांत विद्यापीठाच्या पहिल्या सत्राचा शेवट आणि हिवाळी परीक्षा येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा हजेरीपट उघडून पाहिला की शेतकरी आणि शेतमजूर घरांतल्या नावांपुढची गैरहजेरी एकाच सुमारास सुरू झालेली दिसते. सेमिस्टर पद्धत आल्यापासून हे अधिक जाचक झाले, कारण वर्षाच्या परीक्षेत उन्हाळ्यापूर्वी भरून काढता येणारे नुकसान आता सहा महिन्यांतच मोजले जाते. शैक्षणिक दिनदर्शिका जिल्ह्याच्या पीकचक्राशी जुळवावी, ही मागणी मला अत्यंत रास्त वाटते. अडचण अशी की वर्ध्याची महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत आणि भंडारा-गोंदियाचे धानाचे वेळापत्रक वेगळे आहे. एकाच विद्यापीठात दोन दिनदर्शिका चालवणे परीक्षा विभागाला सोपे नाही.

पैशाचा भाग लवकर सांगून होतो, सोसायला मात्र तोच सर्वांत जड जातो. पंतप्रधानांच्या २००६च्या विशेष पॅकेजमध्ये घेतलेल्या विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत वर्धा होता. कर्जातल्या घरात शिक्षणाचा खर्च शेवटी धरला जातो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, स्वाधार, स्वयम, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. तक्रार असते ती पैसे कधी मिळतात याची. निर्वाहाची रक्कम सत्र संपल्यावर खात्यात आली, तर सत्रभर खोलीचे भाडे कोणी भरायचे?

येऊन करायचे काय

चौथी भूमिका या सगळ्यांना उलटा प्रश्न करते. पदवीचा फायदा दिसत नसेल, तर हजेरी वाढवून काय साधणार? अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३च्या अहवालानुसार २५ वर्षांखालील पदवीधरांतली बेरोजगारी ४२ टक्क्यांच्या वर होती. हा आकडा वारंवार सांगितला जातो. त्याच अहवालातली दुसरी बाजू कमी वेळा सांगितली जाते: पस्तिशीपुढच्या पदवीधरांत ते प्रमाण ५ टक्क्यांच्या आत येते. म्हणजे काम बहुधा मिळते, पण उशिरा, आणि ते शिक्षणाला साजेसे असतेच असे नाही. मधली वर्षे वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या अभ्यासिकांत आणि पोलीस भरतीच्या मैदानांवर जातात. बी.ए.ला नाव घालायचे, सकाळी मैदान, दुपारी अभ्यासिका, महाविद्यालयात फक्त परीक्षेला जायचे. आळस म्हणून हे उडवून लावता येणार नाही. त्या मुलाने आपल्या परीने केलेला तो हिशेब आहे.

या भूमिकेचे लोक शिक्षणाला जिल्ह्यातल्या कामाशी जोडा म्हणतात. हिंगणघाटच्या जिनिंग-प्रेसिंग आणि सूतगिरण्या, देवळीची औद्योगिक वसाहत, सिंदी रेल्वेचा ड्राय पोर्ट, डिसेंबर २०२२ पासून वाहता झालेला समृद्धी महामार्ग, सावंगी-सेवाग्रामची रुग्णालये: काम कुठे आहे ते दिसते आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातूनच पंतप्रधानांच्या हस्ते आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्रांची योजना सुरू झाली. तिच्यात महाविद्यालयांतच अल्प मुदतीचे प्रशिक्षण द्यायचे आहे. त्याच वर्षीच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावीनंतरच्या उमेदवाराला ६ हजार, आयटीआय-पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये मासिक विद्यावेतन ठरले. नव्या धोरणाच्या अभ्यासक्रमातही कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक आहेत.

याला विरोध करणाऱ्यांचा आक्षेप गंभीर आहे आणि तो १९३७ इतकाच जुना आहे. गरीब घरातल्या मुलांना कौशल्याकडे आणि सुस्थितांच्या मुलांना पदवीकडे, अशी वाटणी नकळत होते. नव्या धोरणातली एक-दोन वर्षांनी प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय कोण वापरेल, याचा अंदाज त्यांना आताच येतो. शिवाय अल्प मुदतीचे कौशल्य यंत्राबरोबर जुने होते, वाचणे, मोजणे आणि विचार करणे मात्र पुढेही कामी येते, असे ते म्हणतात.

हजेरीची सक्ती

७५ टक्के हजेरीचा नियम सर्वांना पाठ आहे. तो लावायचा कसा, यावर एकमत नाही. विज्ञानाच्या कनिष्ठ महाविद्यालयांत प्रवेश नावाला आणि शिकणे खासगी क्लासमध्ये, हा ‘इंटिग्रेटेड’ प्रकार मोडायला २०१८ साली राज्याने बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. क्लासला जाणाऱ्या मुलांना अंगठा उमटवायची वाट सापडली, क्लासची भरती काही कमी झाली नाही. दुसरीकडे नियम काटेकोर लावला की परीक्षेला बसण्यापासून अडतो तो पऱ्हाटीत गेलेला मुलगा. दोघांची गैरहजेरी कागदावर सारखीच दिसते, कारणे पूर्ण वेगळी आहेत. त्यात कित्येक महाविद्यालयांत जागा रिक्त आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर भार. सर येतील की नाही याची खात्री नसेल, तर वीस किलोमीटरवरून आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी यायचे की नाही, याचा विचार करणारच.

इतरत्र काय घडले

बिहारमध्ये २००६पासून नववीच्या मुलींना सायकली मिळाल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे-मुलींतली दरी ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. परिणाम सर्वाधिक होता तो शाळा लांब असलेल्या गावांत. तमिळनाडूने २०२२ला ‘पुदुमै पेण’ योजना आणली: सरकारी शाळेतून आलेल्या मुलीला महाविद्यालयात असेपर्यंत दरमहा १ हजार रुपये थेट खात्यात. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने दोन वर्षांच्या महाविद्यालयांत कमी तयारीनिशी आलेल्यांना नियमित सल्लागार, पुस्तकांसाठी मदत आणि शहर वाहतुकीचा पास एकत्र दिला. तीन वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २२ वरून ४० टक्क्यांवर गेले. या प्रयोगांत मदत कुठे दरमहा मिळणारी, कुठे प्रवासापर्यंत पोहोचणारी होती. न्यूयॉर्कचा दरडोई खर्च आपल्याला परवडणारा नाही, पण प्रत्येक पन्नास-साठ मुलांमागे त्यांची नावे आणि गावे ठाऊक असलेला एक माणूस, ही गोष्ट वर्ध्यात अशक्य नाही.

काय सुटलेले नाही

संविधानाच्या कलम ३७१(२)मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद आहे आणि तंत्रशिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाच्या सोयी न्याय्य असाव्यात, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. दांडेकर समितीने १९८४ला आणि केळकर समितीने २०१३ला अनुशेष मोजला. मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. विभागांतला अनुशेष मोजण्याच्या पद्धतीवर वाद झाले, जिल्ह्याच्या आतल्या दरीवर फारसे बोलले गेले नाही. वर्धा शहर आणि आष्टी तालुका एकाच सरासरीत धरायचे का, हा प्रश्न तसाच आहे.

दुसरा प्रश्न खर्चाच्या क्रमाचा. शुल्कमाफीनंतरचा पुढचा रुपया पदवीच्या मुलींच्या मोफत पासावर, वसतिगृहावर की अकरावीच्या जोडवर्गावर घालावा? प्रत्येक पर्यायाच्या बाजूने बोलणारे आहेत, एकाच जिल्ह्यात तिन्हींची तुलना करून पाहणारे नाहीत. तिसरा प्रश्न जाणाऱ्यांचा. वर्ध्यात शिकून पुण्याला गेलेल्या अभियंत्यामुळे राज्याचे उत्पन्न वाढते, वर्ध्याचे वाढतेच असे नाही. राज्याच्या हिशेबात हे यश आहे; जिल्ह्याच्या हिशेबात काय म्हणायचे, यावर अर्थतज्ज्ञांतही एकवाक्यता नाही.

आणि नोंदींचा प्रश्न. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन, एकाच केंद्रीय पद्धतीने होऊ लागले. त्यामुळे दहावी झालेला प्रत्येक मुलगा-मुलगी कुठल्या गावातून कुठल्या महाविद्यालयात गेली, हे प्रथमच एका ठिकाणी उपलब्ध आहे. ही माहिती विद्यापीठाच्या परीक्षा नोंदींशी आणि महाविद्यालयांच्या हजेरीपटाशी जोडली, तर २०२५ला अकरावीत गेलेली तुकडी २०३०च्या सुमारास पदवीला पोहोचेपर्यंत कोणत्या तालुक्यातली मुले कोणत्या महिन्यात गळतात, ते नावानिशी दिसेल. ही जोडणी शिक्षण उपसंचालकांनी करायची, विद्यापीठाने की जिल्हा नियोजन समितीने, हे ठरायचे आहे.